चौथं चाक

चिमायो
६ ऑक्टोबर २०१८

प्रिय ऑर्लिंडा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तीन ओळींचं. आधी टपालपेटीपाशी उभ्यानेच वाचलं, मग घरात येऊन बसून वाचलं. साडेचार वर्षांनी आलेलं पत्र आणि त्यात विचारलंस काय, तर क्रोमची चाकं कशी धुवायची. मला हसू आलं. तुझी आई असती तर पोट धरून हसली असती.

तुझ्या दवाखान्यातल्या एका बाईने गाडी विकायला काढली, तू घेतलीस, आणि का घेतलीस ते तुझं तुलाच कळत नाही. न कळेना. लहानपणी रविवारी आई तिची सजवलेली निळी गाडी मिरवायला काढायची तेव्हा तू मागच्या सीटवरून खाली सरकून बसायचीस, वर्गातल्या कुणी बघू नये म्हणून. ते आठवलं, एवढंच.

चाकं कशी आहेत ते तू लिहिलं नाहीस. स्पोकची आहेत असं धरून सांगतो.

गाडी चालवून आलीस की लगेच पाणी मारू नकोस. चाक हाताला गार लागलं पाहिजे. गाडी सावलीत घे. उन्हात साबण वाळतो आणि डाग धरतो. आधी नुसतं पाणी सोडायचं. ब्रेकची काळी भुकटी असते, ती कोरडी घासलीस तर बारीक ओरखडे पडतात आणि ते कायमचे. चाकांची बादली वेगळी ठेव, गाडीची वेगळी. भांड्यांचा साबण चार थेंब पुरे. मऊ ब्रश घे. स्पोकच्या मुळाशी आदानचा जुना टूथब्रश चालेल, लहान मुलांचा ब्रश मऊ असतो. आता नऊ वर्षांचा झाला असेल ना माझा नातू? एकेका स्पोकला बोट लावून मोजत गेलीस तर एकही सुटत नाही. आईच्या चाकांना शंभर-शंभर होते. धुतल्यावर हवेवर वाळू देऊ नकोस, लगेच फडक्याने कोरडं कर. मग मेणाचा पातळ हात.

आणि एक. दुकानात चाकं साफ करायच्या बाटल्या मिळतात. ज्यात ॲसिड असेल ती घरात आणूच नकोस. क्रोमचा मुलामा केसाहूनही बारीक असतो, खाली निकेल असतं. ॲसिड क्रोम खाऊन टाकतं. कुणी कितीही सांगो. चुकून लागलंच तर त्याच क्षणी भरपूर पाणी मार, एक मिनिटही ठेवू नकोस. हा परिच्छेद दोनदा वाच.

इकडे सगळं बरं आहे. आईची गाडी शेडमध्ये झाकलेली आहे. ठीक आहे.

तुझा,
बाबा

~

चिमायो
२१ ऑक्टोबर २०१८

प्रिय ऑर्लिंडा,

या वेळी अख्खं पान लिहिलंस. चाकं स्पोकची नाहीत, सपाट पाकळ्यांची आहेत म्हणतेस. मग तुझं काम निम्म्याने कमी. पण पाकळ्यांच्या मागच्या बाजूला हात घालून पुसायला विसरू नकोस. दिसत नाही म्हणून लोक ती सोडतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आता जे तपकिरी ठिपके दिसतायत त्यांच्यासाठी तोर्तियाच्या पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद घे. चुरगळून पाण्यात बुडव आणि हलक्या हाताने घास. जोर लावायचा नाही. ठिपका गेला तर वरचा होता. नाही गेला आणि बोटाला खळगा लागला, तर आतून खाल्लंय, मग त्याचा नाद सोड. कुठे कुठे नाद सोडावाच लागतो.

तुमच्याकडे प्वेब्लोला बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ क्रोमचा वैरी. मी एकतीस वर्षं रस्ते खात्यात तेच केलं, पहाटे डोंगरात मीठ टाकायचं आणि रविवारी घरी चाकांवरचं मीठ धुवायचं. आई म्हणायची, ‘सरकार तुला दोन्हीकडून कामाला लावतंय.’ हिवाळ्यात जमलं तर ही चाकं काढून ठेव आणि साधी काळी लाव.

पत्र लिहीत होतो तेवढ्यात शेजारचा एलॉय सरपण घेऊन आला. तुझा एलॉय काका अजून तसाच आहे, विचारल्याशिवाय खुर्ची ओढून बसतो. कुणाला लिहितोयस, म्हणून वाकून बघितलं. तुझं नाव दिसलं तेव्हा खुर्ची मागे घेतली. मग म्हणाला, ‘लेका, अक्षर जरा सुधार. पोरीला वाटेल बापाला झटका आलाय.’ मी त्याला कॉफी दिली. तो गेल्यावर घर एकदम मोठं वाटलं. मी टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही. राजमा रविवारी शिजवतो, तो गुरुवारपर्यंत पुरतो. शुक्रवारी काय खावं हा प्रश्न पडतो, एवढंच.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस की आईच्या अंत्ययात्रेत तिची गाडी मी का काढू दिली नाही. तेव्हाच सांगितलं होतं, बॅटरी उतरली होती. सांताक्रूझच्या सणाला नाही, ईस्टरला नाही, नेमकी त्याच दिवशी उतरली. होतं असं.

जपून राहा.

बाबा

~

चिमायो
११ नोव्हेंबर २०१८

प्रिय ऑर्लिंडा,

बॅटरी उतरली नव्हती.

दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, आईच्या थडग्यावर गेलो होतो. गवत उपटलं, दगड पुसला. तिथे कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने बोललो, विओला, मी पोरीला परत खोटं लिहिलं. दगड काय बोलणार. पण मला माझाच आवाज ऐकू आला आणि बरं वाटलं नाही. म्हणून आता लिहितो.

आईने सांगून ठेवलं होतं, माझ्या पेटीच्या पुढे माझी निळी गाडी चालली पाहिजे आणि ती ऑर्लिंडाने चालवली पाहिजे. मला माहीत होतं. तू अंगणात उभी राहून किल्ली मागितलीस, आणि मी बॅटरी म्हणालो. तू म्हणालीस, दुसऱ्या गाडीवरून चालू करू. मी म्हणालो, नाही होणार. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग खोऱ्यातल्या चाळीस गाड्या तिच्या मागे गेल्या आणि तिची शेडमध्ये राहिली. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला गाडी हातची सोडवत नाही.

तसं नव्हतं. मी चाकं जाळली होती.

शेवटच्या तीन आठवड्यांत मी काय करत होतो ते तू बघितलंस. तू आईपाशी बसायचीस, मी अंगणात. रोज चारही चाकं धुवायचो. ईस्टरची तयारी म्हणायचो. ईस्टरच्या रविवारी एस्पानोलात रिव्हरसाइडच्या रस्त्यावर गाडीची फेरी मारायचीच, असं ती म्हणत होती ना, म्हणून. त्या चाकांवर धुण्यासारखं काही उरलं नव्हतं, ऑर्लिंडा. गाडी तर जागची हललीही नव्हती. मग त्या शनिवारी, बारा एप्रिलला, मी ठरवलं की स्पोकच्या मुळाशी विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर साचलाय. होता नव्हता देव जाणे. एलॉयने फरशीवरचं सिमेंट काढायला ॲसिड आणलं होतं, त्यातलं उरलेलं मागून आणलं. पाण्यात थोडं घालून ब्रशने लावत गेलो. एक चाक, दुसरं, तिसरं, चौथं.

मग तुला ठाऊक आहे. मी आत आलो आणि ती गेलेली होती. त्या दिवशी पुन्हा अंगणात गेलो नाही. चाकांवर ॲसिड तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर चारही चाकं पिवळट, धुरकट. कुठे कुठे माशाच्या खवल्यासारखे पोपडे सुटलेले. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी मी तिला दिलेली चाकं. तशा चाकांवर तिला कब्रस्तानात न्यायची? सगळ्या खोऱ्यासमोर? मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि बॅटरी म्हणालो.

हे आधी सांगायला हवं होतं. तू मला त्या दिवशी हाका मारल्यास त्या नळीच्या पाण्याच्या आवाजात ऐकू आल्या नाहीत, ते तुला माहीतच आहे. बाकी सगळा दोष माझा.

बाबा

~

चिमायो
२ डिसेंबर २०१८

प्रिय ऑर्लिंडा,

पत्र मिळालं.

इकडे बर्फ पडला, घोट्याएवढा. पाटाचं पाणी काठाला गोठलंय. एलॉयचा गुडघा दुखतो, तो येत नाही, मीच त्याच्याकडे सूप नेऊन दिलं. त्याने चव घेऊन विचारलं, यात मिरची घातलीस की नुसती दाखवलीस. तुमच्याकडे जास्त पडला असेल. चाकं काढून ठेवलीस का? ठेवलीस तर जुन्या चादरीत गुंडाळून ठेव, जमिनीवर नाही, फळीवर. ओल खालून चढते.

आदानला नाताळासाठी काय हवंय ते कळव. त्याच्या मापाचं मला काही माहीत नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर या पत्रात नाही. मी तीनदा कागद घेतला.

बाबा

~

चिमायो
९ डिसेंबर २०१८

प्रिय ऑर्लिंडा,

तुझं पत्र समोर ठेवून बसलोय. तू लिहिलंस, ‘चाकांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तुम्हीच मला लिहिलंत की ॲसिड लागलं तर त्याच क्षणी पाणी मारायचं. नळी सुरू असती तर ते धुऊन गेलं असतं, चाकं जळली नसती. म्हणजे नळी बंद होती. बाबा, मी तीनदा हाक मारली. तुम्हाला ऐकू आली होती का?’

लहानपणी तू गणितात हुशार होतीस. मास्तरीण मला सांगायची.

ऐकू आली होती.

तिन्ही वेळा. पहिल्यांदा तू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालीस, ‘बाबा, आई तुम्हाला विचारतेय.’ मी तिसऱ्या चाकाशी होतो. दुसऱ्यांदा म्हणालीस, ‘बाबा, या ना आत.’ तेव्हा मी चौथ्याकडे गेलो होतो. ते गाडीच्या पलीकडच्या बाजूचं, तिथे खाली बसलं की दारातून माणूस दिसत नाही. मी मुद्दाम ते शेवटी ठेवलं होतं असं नाही. किंवा असेलही. तिसऱ्यांदा तू नुसतं ‘बाबा’ म्हणालीस, आणि ते ओरडून नव्हतं. त्यावरून मला कळलं, वेळ आली.

नळी भिंतीवर गुंडाळून टांगलेली होती. अंगणात इतकं शांत होतं की ब्रशमधून थेंब पडलेला ऐकू येत होता.

तू तिला एकटं टाकून अंगणापर्यंत येऊ शकत नव्हतीस. ते मला माहीत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

अजून एक आहे, ते कुणालाच माहीत नाही. आईची खाट आपण खिडकीशी लावली होती, तिला गाडी दिसावी म्हणून. ती दिवसभर बाहेर बघायची. मी चाकं पुसताना ती काचेवर बोट आपटून दाखवायची, तिकडे राहिलं, इकडे राहिलं. आयुष्यभर तिचं तेच. ‘चाकं पुसायला तू, मिरवायला मी, देवाने जोडी बरोबर लावलीय.’ तर तुझ्या तिसऱ्या हाकेनंतर मी गाडीच्या टपावरून डोकं वर काढलं आणि खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, ती माझ्याकडे बघत असेल. ती बघत नव्हती. मला तिचे नुसते केस दिसले, मागून. तिचं तोंड दाराकडे होतं.

ती मी आत येण्याची वाट बघत होती, ऑर्लिंडा. मी ते बघितलं. आणि परत खाली बसलो.

का, ते मला नीट सांगता येत नाही. मी बर्फात, कड्याच्या कडेने गाडी चालवलेला माणूस. मी घाबरलो. मी आत गेलो की ती जाणार, मी नाही गेलो तर ती थांबेल, असं काहीसं डोक्यात होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. जे होतं ते सांगतो. चौथ्या चाकाचे शंभर स्पोक मी मोजून पुरे केले. मग हात पुसले, मग आत आलो. तू खाटेपाशी उभी होतीस. ‘उशीर झाला’ असंही म्हणाली नाहीस. तिच्या हाताखालून तुझा हात काढून घेतलास आणि मला जागा दिलीस.

त्यानंतर लोक आले. कुणीतरी विचारलं, कुठे होतास. मी म्हणालो, नळी सुरू होती, ऐकू नाही आलं. तू तिथेच कॉफी ओतत होतीस. तू वर बघितलंस आणि परत कपाकडे बघायला लागलीस. मला वाटलं, तुला पटलं.

बॅटरीचं खोटं मी लाजेने बोललो. नळीचं खोटं मात्र स्वतःला वाचवायला. पहिलं कबूल करून दुसरं झाकता येईल असं मला वाटलं होतं.

तू एकटी होतीस त्या खोलीत. तुझं वय तेव्हा चाळीस, पण ते काही नाही, तू माझी मुलगी आहेस आणि मी तुला तिथे एकटं ठेवलं. आईची माफी मी रोज मागतो. तुझी कधी मागितली नाही. आज मागतो.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. चाकांबद्दल काही विचारायचं असेल तर विचार, नसेल तर नको.

बाबा

~

चिमायो
१३ जानेवारी २०१९

प्रिय ऑर्लिंडा,

काल तू फोन केलास त्याबद्दल लिहितोय. फोनवर मला शब्द सुचत नाहीत, तुला माहीत आहे.

पाच आठवडे काही आलं नाही, तेव्हा मी मनाशी धरलं होतं की आता येणार नाही. टपालपेटीकडे एक दिवसाआड जायला लागलो, मग आठवड्यातून एकदा. नाताळला एलॉय जबरदस्तीने त्याच्या घरी घेऊन गेला. तमाले खाल्ले. त्याची नातवंडं मला आजोबा म्हणतात, मी ओ देतो.

काल दुपारी फोन वाजला तेव्हा मला वाटलं, कुणी काही विकतंय. तू म्हणालीस, ‘मला तेव्हाच माहीत होतं. दारातून मला तुमचे बूट दिसत होते, गाडीच्या खालून.’ मग म्हणालीस, ‘मला तुमच्या तोंडून हवं होतं. मी अजून रागावलेली आहे, बाबा.’ मी म्हणालो, असू दे. मला वाटलं, आता ठेवशील.

तू ठेवला नाहीस. फोन ओट्यावर कुठेतरी ठेवलास आणि आपल्या कामाला लागलीस. आधी मला कळलंच नाही. मग फळीवर सुरी चालल्याचा आवाज आला. कांदा असावा, कारण तू दोनदा नाक ओढलंस. एक खण उघडला, तो अडकतो, तू त्याला कंबरेने ढकलतेस, तुझी आई ढकलायची तसाच आवाज. आदान आला आणि त्याने कसल्यातरी शब्दाचं स्पेलिंग विचारलं. त्याचा आवाज जाड झालाय. तू सांगितलंस, त्याने चुकीचं लिहिलं, तू परत सांगितलंस. त्याने विचारलं, फोनवर कोण आहे. तू म्हणालीस, आजोबा. तो म्हणाला, मग बोलत का नाहीत? तू म्हणालीस, ‘ऐकतायत.’

मी खुर्ची ओढून बसलो. टीव्ही बंद केला. तेलात काहीतरी पडलं, मग झाकण. कुत्रं आहे का तुमच्याकडे? नखांचा आवाज आला फरशीवर. मी घड्याळ बघितलं नाही, पण बसलो तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलावर होतं आणि नंतर भिंतीवर गेलं होतं. माझा कान दुखायला लागला. मी कान बदलला.

मग तू फोन उचललास आणि म्हणालीस, ‘बाबा, आहात अजून?’ मी म्हणालो, आहे. तू विचारलंस, ‘जेवलात?’ मी हो म्हणालो.

जेवलो नव्हतो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, शुक्रवारचा प्रश्न शनिवारपर्यंत लांबला होता. तोंडातून हो निघून गेलं, म्हणून हे लिहून कळवतोय. फोन ठेवल्यावर दोन अंडी केली, हिरवी मिरची घालून, आणि कालची तोर्तिया भाजली. बसून खाल्लं.

बाबा